प्रश्नचिन्हं फॉन्टमुळे येत नाहीत

सोयाबीनची आवक ऐन भरात असताना वाशिमच्या एका अडत दुकानात पट्टीवर गावाच्या नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हं छापून आली. प्रोग्राम माझा, पण छपाईची लायब्ररी बाहेरच्या कंपनीची, आणि तीच वापरायची ही मालकांची अट. फोन लावला तर स्पीकरवर, मालकांच्या देखत उत्तर मिळालं, "तुमचा मराठी फॉन्टच खराब आहे." ते अजून खुपतं.

फॉन्ट नसता तर चौकोन दिसले असते. मी फाइलचे बाइट उघडून पाहिले. 'वाशिम'च्या जागी ३एफ, तेही पाच वेळा. ३एफ म्हणजे प्रश्नचिन्हच. काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये वेगळी मोजतात, म्हणून तीन अक्षरांची पाच. मूळ नाव फाइलमध्ये उरलंच नव्हतं. लायब्ररी वाइड स्ट्रिंग मल्टिबाइट करताना विंडोजचं चालू अ‍ॅन्सी कोडपेज घेत होती, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज विंडोजमध्ये नाहीच.

हे पुराव्यानिशी कळवल्यावर त्यांनी गुपचूप यूटीएफ-८ केलं. चूक कबूल नाही, साधा निरोपही नाही. मग 'मंगरूळपीर' तुटलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'कारंजा' १८ बाइटचं, त्यांच्या २० बाइटच्या रकान्यात बसलं. 'मंगरूळपीर' २७ बाइटचं. 'मंगरूळ' राहिलं आणि पुढे 'प'चे दोनच बाइट लोंबकळले. त्यावर सल्ला काय, तर गावांची नावं लहान करा!

म्हणून सांगतो. वाइडचारटूमल्टिबाइट आधी बफरचं माप शून्य देऊन बोलवा. किती बाइट लागतील ते तेच सांगतं. लांबीच्या जागी उणे एक दिलंत तर शेवटचा शून्य बाइटही धरला जातो. लिनक्सवर डब्ल्यूसीएसटूएमबीएस वापरण्याआधी सेटलोकेल हवंच, नाहीतर देवनागरीला उणे एक परत येतं. साइझ_टीत तो प्रचंड आकडा दिसतो, तो तपासा. वाइड कॅरॅक्टर विंडोजवर दोन बाइटचं, लिनक्सवर चार, तेव्हा ते जसंच्या तसं फाइलमध्ये ओतू नका. चाचणी इंग्रजी नावांवर उरकू नका. मंगरूळपीर घाला, उलट रूपांतर करून मूळ नावाशी ताडून पाहा. बॅकअप ठेवा. बोलणं लेखी घ्या.

प्रश्नचिन्हं झालेल्या पट्ट्यांवरची गावं कुठल्याही प्रोग्रामनं परत येत नाहीत. आम्ही ती दुकानाच्या वहीवरून पुन्हा भरली. देखभालीचं बिल मात्र त्या कंपनीनं पूर्ण लावलं. मी मालकांना त्या बाइटची छापील प्रत जोडून ते परत करायला सांगितलं.