नाव एकाचे, गिऱ्हाईक दुसऱ्याचे

आपण तेलगावच्या बाजारात गेलो आहोत असे समजा. एका नावाजलेल्या दुकानातून बियाणे घ्यायचे आहे. वाटेवर एक माणूस बसला आहे. आपण त्याला त्या दुकानाची वाट पुसतो. तो आधी दुसऱ्याच दुकानाकडे बोट करतो. का बरं? त्या दुसऱ्या दुकानदाराने त्याला पैसे दिले आहेत.

मोबाईलवरही असेच घडते. गूगलवर आपण एक नाव शोधतो. वर पुष्कळदा जाहिराती येतात. कोणत्या शब्दावर कोणाची जाहिरात दाखवायची, याचा तेथे लिलाव होतो. जाहिरातीवर आपले बोट पडले, की जाहिरातदाराला पैसे मोजावे लागतात.

मग ज्याचे नाव, तो गप्प कसा बसेल? नाव कमवायला जन्म जातो. धंद्याच्या नोंदलेल्या नावाला व्यापारचिन्ह म्हणतात. त्याला १९९९ च्या कायद्याचे संरक्षण आहे.

असे तंटे आपल्या देशात झाले आहेत. लग्ने जुळवणारी चेन्नईची 'भारत मॅट्रिमनी' गूगलविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेली. मुंबईची 'शादी डॉट कॉम' चालवणारी कंपनीही त्या दाव्यात प्रतिवादी होती. २०१० साली न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली नाही. 'भारत' आणि 'मॅट्रिमनी' म्हणजे विवाह, हे शब्द तर सगळ्यांच्याच वापरातले. ते एकट्याचे कसे होतील?

दुसरा तंटा घरसामान हलवणाऱ्या 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी निकाल दिला. दुसऱ्याचे नाव जाहिरातीसाठी निवडले, एवढ्यानेच कायदा मोडत नाही. पण त्यामुळे गिऱ्हाईकाची दिशाभूल होत असेल, तर ते चालणार नाही. "आम्ही नुसती जागा देतो," असे म्हणून गूगललाही हात झटकता येणार नाहीत, कारण जाहिरातीच्या या व्यवहारात ते स्वतः भाग घेते.

यात आपले काय? अहो, पैसा आपलाच जातो! दुसरा दुकानदार आपल्या खऱ्या नावाने माल विकत असेल, तर तो चोर नव्हे. पण दुसऱ्याच्या नावाआडून कोणी ठकही बसलेला असतो. आपण बँकेचा नंबर शोधतो, आणि फोन लागतो ठकाला.

म्हणून घाई करू नये. आता आपल्याला वाचता येते. जाहिरातीवर 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' असे लिहिलेले असते. तो शब्द आधी शोधावा. मग नाव अक्षर न अक्षर वाचावे. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्यावा. फसगत झालीच, तर लाजू नये. लगेच १९३० या नंबरावर फोन करावा.

वाट दाखवणारा पुष्कळ बोटे दाखवील. पाटी मात्र आपणच वाचायची.

प्रश्न
१. व्यापारचिन्ह म्हणजे काय?
२. जाहिरात कशी ओळखावी?
३. घरातल्या मोबाईलवर एखादे नाव शोधा. 'प्रायोजित' हा शब्द दिसला, तर तो वहीत लिहा.