प्रोब फिरल्याशिवाय काही ठरवू नकोस

दवाखाना आता तुझा स्वतःचा आहे, म्हणून सांगते. हिरड्यांचा पेशंट खुर्चीत बसला की हात स्केलरकडे जातो. तो आवर आणि आधी प्रोब घे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोज, गालाकडून तीन आणि आतून तीन. आकडे मोठ्याने सांग, मदतनीस मुलगी लिहून घेईल. जोर 20-25 ग्रॅमचाच हवा. प्रोबचं टोक अंगठ्याच्या नखाखाली ठेवून दाब. कातडी पांढरी पडते पण दुखत नाही, तेवढाच दाब हाताला शिकव.

एकट्या रक्तावर विसंबू नकोस. सिगारेट-विडी ओढणाऱ्याची हिरडी कमी रक्त दाखवते आणि खाली सात मिलिमीटरचा पॉकेट निघतो. पॉकेटचा आकडाही एकटा पुरत नाही. पॉकेट तीनचा, पण हिरडी चार मिलिमीटर खाली उतरलेली असेल तर दाताची जोडणी सात मिलिमीटर गेली. मिश्री लावणाऱ्या बायकांत आणि गालात तंबाखूची गोळी ठेवणाऱ्यांत हे मुद्दाम बघ. त्याच वेळी गाल आणि जीभही तपास, तोंड पुरतं उघडतं का पाहा. उलट अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्याची हिरडी फुगून पॉकेट पाचचा दिसतो आणि जोडणी शाबूत असते. म्हणून गोळ्यांची पाकिटं मागवून घे. रक्तदाबाची गोळी आपण बंद करायची नाही, त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची.

बाकी तोंड ठीक आणि एकाच दाताला एकाच जागी अरुंद, खोल पॉकेट लागला तर लगेच पायोरिया लिहू नकोस. त्या दाताची नस जिवंत आहे का तपास, मुळाला तडा आहे का बघ. अशा दाताला हिरडीचे उपचार करत राहिलं तर दात वाचत नाही आणि पेशंटचे पैसेही जातात.

एक्स-रेवर हाड किती गेलंय ते वयाबरोबर वाच. 2017 च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या वर्गीकरणातली हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. सगळ्यात खराब दाताचं गेलेलं हाड टक्क्यांत घे आणि वयाने भाग. चाळीस टक्के हाड सत्तरीच्या आजोबांचं गेलं तर उत्तर अर्ध्याच्या थोडं वर, म्हणजे ग्रेड बी. तेवढंच छत्तिशीच्या बाईचं गेलं तर ते एकच्या वर, म्हणजे ग्रेड सी. फिल्म सारखी दिसली तरी तिची घाई वेगळी. तिची एचबीएवनसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सात किंवा वर असेल तर तेवढ्यानेही ग्रेड सी होतो. वरचेवर हिरडीला गळू येणाऱ्याला तर साखर तपासायला पाठवच.

आता उपचार. पहिल्या दिवशी पूर्ण आराखडा देऊ नकोस, पहिला टप्पाच दे. ब्रश कसा धरायचा, दातांच्या फटीत कोणता छोटा ब्रश जातो, हे आरसा हातात देऊन दाखव. तंबाखूबद्दल स्पष्ट बोल. मग भूल देऊन खोल सफाई. अँटिबायोटिक सरसकट लिहू नकोस. हलणारा दात दिसला की काढायचा असंही नाही, सूज उतरली की पुष्कळ दात घट्ट होतात.

सफाईआधी पेशंटला सांगून ठेव: सूज गेली की दात लांब दिसतील, फटी दिसतील, थंड पाणी झोंबेल. हे आधी सांगितलं नाही तर 'डॉक्टरने दात ढिले केले' हे गावभर होतं आणि त्या भीतीपायी पुढची दहा माणसं दवाखान्यात येत नाहीत. मला हे फार लागतं, कारण त्यातल्या कितीतरी जणांचे दात तेव्हा वाचण्यासारखे असतात.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सगळं मोज. चारपर्यंतचे, रक्त न येणारे पॉकेट जिंकलेले समज. पाचच्या जागा पुन्हा साफ कर. सहा किंवा जास्त राहिले तिथे फ्लॅपचा विचार कर, तोही घरची सफाई जमली असेल तरच. कॅप, ब्रिज, इम्प्लांट यांचं बोलणं या दुसऱ्या मोजणीनंतर.

जुना आणि नवा चार्ट शेजारी ठेवून पेशंटला दाखव, आणि पुढची तारीख तो खुर्चीतून उठायच्या आत लिहून दे. मधुमेही आणि तंबाखूवाल्यांना तीन महिन्यांची, बाकीच्यांना त्यांच्या हिरड्या बघून.