हरल्यानंतरचे तीन प्रश्न

भारतीय फुटबॉल संघाचा विषय निघाला की आमच्या डॉर्मिटरीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "आपल्याकडे बूट नव्हते म्हणून आपल्याला वर्ल्ड कप खेळू दिला नाही." आणि दुसरे, "फुटबॉलमध्ये आपण कधी चांगले नव्हतोच." गेल्या सत्रात मी ग्रंथालयात बसून या विषयावर मिळेल ते वाचून काढले. ही दोन्ही वाक्ये इतिहासाला धरून नाहीत. खरी हकीकत जास्त रंजक आहे आणि आपल्यासारख्या कॅडेट्सना उपयोगी पडणारी आहे.

प्रत्येक इंटर-हाऊस सामन्यानंतर आमचे गेम्स इन्स्ट्रक्टर आम्हाला मैदानातच खाली बसवतात आणि तीन प्रश्न विचारतात. काय ठरवले होते? प्रत्यक्षात काय झाले? पुढच्या वेळी काय बदलणार? हरलेल्या संघाला हे प्रश्न असतात आणि जिंकलेल्या संघालाही असतात. भारतीय संघाचा इतिहास वाचताना मला हेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत होते, म्हणून या लेखात मी त्यांचाच आधार घेतला आहे.

लंडन, १९४८

स्वातंत्र्याला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते, तेव्हा भारताचा संघ लंडन ऑलिंपिकला गेला. कर्णधार होते ताल्मिरेन आओ. ते नागा टेकड्यांतून आलेले, कलकत्त्यात डॉक्टरीचे शिक्षण घेणारे खेळाडू. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा धरण्याचा मानही त्यांनाच मिळाला होता. परेड करणाऱ्या प्रत्येकाला या मानाची किंमत कळेल.

३१ जुलै रोजी लंडनजवळच्या इलफर्ड येथे फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, काहींनी पायाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फ्रान्सने पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. सामना संपायला एखादे मिनिट उरले असताना फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण १-२ असे हरलो.

या सामन्याचे वर्णन करताना सगळे अनवाणी पायांबद्दल बोलतात. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. म्हणजे खेळात आपण फ्रान्सच्या बरोबरीचे होतो. कमी पडलो ते नेमक्या क्षणी मन स्थिर ठेवण्यात.

न खेळलेला वर्ल्ड कप, १९५०

१९५० चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये होता. पात्रता फेरीत भारताच्या गटातील इतर संघांनी माघार घेतली, त्यामुळे एकही सामना न खेळता आपल्याला प्रवेश मिळाला. गटात स्वीडन, इटली आणि पॅराग्वे हे देश होते. पण भारताचा संघ ब्राझीलला गेलाच नाही.

फिफाने अनवाणी खेळायला मनाई केली म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. पण दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १९५० नंतर दोन वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले अनेक खेळाडू अनवाणीच खेळले. बूट नाहीत म्हणून ब्राझीलला बंदी असती, तर हेलसिंकीला परवानगी कशी मिळाली असती? त्या वेळी आपल्या फुटबॉल महासंघाने सांगितलेली कारणे वेगळी होती. संघनिवडीवरून मतभेद होते आणि सरावाला पुरेसा वेळ नव्हता. ब्राझीलचा प्रवास लांबचा होता. शिवाय त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकला जेवढे महत्त्व होते, तेवढे वर्ल्ड कपला नव्हते. बुटांची गोष्ट ऐकायला छान वाटते, कारण तिच्यात दोष आपल्याकडे येत नाही. म्हणूनच ती टिकली असावी. पुढे वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत भारत उतरला तो थेट १९८६ च्या स्पर्धेसाठी.

दिल्ली, हेलसिंकी, मेलबर्न

१९५१ च्या मार्च महिन्यात पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत झाल्या. कर्णधार शैलेन मन्ना होते. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान या दोघांना आपण ३-० असे हरवले. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालाल यांनी एकमेव गोल केला आणि सुवर्णपदक भारताला मिळाले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा पराभव केला. आपला एकमेव गोल अहमद खान यांचा. सुवर्णपदक जिंकलेल्या संघावर दहा गोल! या पराभवाचे मात्र कोणी निमित्त शोधले नाही. यानंतर भारतात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. लहानपणापासून अनवाणी खेळलेल्या माणसाला बूट घालून चेंडूचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो. आपण पहिल्यांदा ड्रिल शूज घातले तेव्हा पायांचे काय झाले होते ते आठवा. त्या खेळाडूंनी हे सगळे पुन्हा शिकून घेतले.

हे शिकवणाऱ्यांत मुख्य होते संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साहेब म्हणत. ते हैदराबादचे, मूळचे शिक्षक. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. रहीम साहेबांच्या पद्धती आजही नव्या वाटतात. ड्रिबलिंग न करता फक्त पास देऊन खेळायचे, असे सामने ते भरवत. नेहमीचा पाय सोडून दुसऱ्याच पायाने खेळायचे, असेही सामने घेत. जगातले चांगले संघ कसे उभे राहतात याचा अभ्यास करून ते स्वतःच्या संघाची रचना बदलत असत.

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरवले. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातला पहिला देश.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. नंतर पहिला गोल झाला तो भारताचा, नेव्हिल यांचाच. पुढे युगोस्लाव्हियाने जोर लावला आणि आपण १-४ असे हरलो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियानेही ०-३ असे हरवल्यामुळे भारत चौथा आला. पदक हुकले, पण चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल केले त्यांच्याविरुद्ध आपण आघाडीवर होतो. १९६० ला रोममध्येही कर्णधार पी. के. बॅनर्जी यांच्या गोलमुळे फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. भारताचा संघ त्यानंतर ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नाही.

जकार्ता, १९६२

माझ्या मते आपल्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे ४ सप्टेंबर १९६२.

जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ असे हरवले. तिथून संघ उभा राहिला. थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवून आपण अंतिम फेरीत पोहोचलो. समोर पुन्हा कोरिया.

मैदानाबाहेरचे वातावरण फार वाईट होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. भारताचे क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, त्यामुळे तिथले लोक भारतावर चिडले होते. आपल्या दूतावासावरही जमाव चालून गेला होता. भरलेल्या स्टेडियममधले प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत होते.

संघातही अडचणी होत्या. बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. त्यांना बसवून ठेवण्याऐवजी रहीम साहेबांनी त्यांना आघाडीला खेळवले. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठले होते. थंगराज हे आपल्या लष्कराचे, मद्रास रेजिमेंटल सेंटरकडून खेळणारे. आणि ही गोष्ट वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले: स्वतः रहीम साहेबांना कर्करोग होता.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल केला तो डोक्याला टाके असलेल्या जर्नैलसिंग यांनी. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण २-१ असा विजय आपला झाला. कर्णधार चुनी गोस्वामी यांनी सुवर्णपदक स्वीकारले. पुढच्या वर्षी जून महिन्यात रहीम साहेब गेले.

नंतर काय झाले?

१९६४ च्या आशियाई चषकात आपण इस्रायलच्या मागे दुसरे आलो. १९७० ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत जपानला १-० असे हरवून कांस्यपदक मिळवले. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धांत फुटबॉलचे एकही पदक भारताला मिळालेले नाही.

"रहीम साहेब गेले आणि सगळे संपले," असे सांगितले जाते. मला हे पूर्ण पटत नाही. लष्करात एक अधिकारी पडला तर दुसरा कमान हाती घेतो, कारण काम एका माणसाच्या डोक्यात न राहता पद्धतीत उतरलेले असते. या दृष्टीने जपानकडे पाहण्यासारखे आहे.

१९६२ ला जपान आपल्याकडून हरला होता. त्याआधी दोन वर्षे त्यांनी जर्मनीहून डेटमार क्रामर या प्रशिक्षकांना बोलावले होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला हरवले. तरीही ते तिथे थांबले नाहीत. क्रामर यांच्या सल्ल्यानुसार १९६५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग सुरू केली आणि प्रशिक्षक घडवले. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक जिंकले. १९९८ पासून तो प्रत्येक वर्ल्ड कपमध्ये आहे.

आपल्याकडे १८८८ पासून चालत आलेली डुरंड स्पर्धा होती, रोव्हर्स कप होता, कलकत्त्याची लीग होती. पण देशभराची लीग सुरू झाली १९९६ मध्ये, म्हणजे जपाननंतर ३१ वर्षांनी. जगात ९० मिनिटांचे सामने होत असताना आपल्या देशातले सामने बराच काळ ७० मिनिटांचेच होते. ज्याने सत्तर मिनिटांचाच सराव केला आहे, त्याचे शेवटच्या वीस मिनिटांत काय होणार, हे क्रॉस कंट्री धावलेल्या कुठल्याही कॅडेटला विचारा. हेलसिंकीनंतर आपण तिन्ही प्रश्न विचारले होते. जकार्तानंतर ते विचारले नाहीत, कारण आपण जिंकलो होतो.

आजचा संघ

फिफाच्या क्रमवारीत १९९६ मध्ये आपण ९४ वे होतो, २०१५ मध्ये १७३ वर घसरलो आणि २०१७ मध्ये ९६ वर आलो. सुनील छेत्री यांचे वडील सैन्यात होते, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ते घरातलेच वाटतात. २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर पहिल्या सामन्याला तीन हजार प्रेक्षकही नव्हते. मग छेत्रींनी लोकांना "मैदानावर या" अशी विनंती केली आणि पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. २०१९ ला दोहामध्ये गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांच्या कामगिरीमुळे आशियाई विजेत्या कतारला आपण ०-० असे रोखले.

पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात तीन सामन्यांत आपला एकही गोल झाला नाही. त्याच वर्षी छेत्री १५१ सामन्यांत ९४ गोल करून निवृत्त झाले आणि गोल करणारा दुसरा कोणी सापडेना म्हणून पुढच्या वर्षी त्यांना परत यावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली.

आपण काय घ्यावे?

कॅडेट मित्रांनो, यातली प्रत्येक गोष्ट आपल्या मैदानावर करून पाहता येते. ड्रिबलिंग नसलेला सामना खेळायला कसलाही खर्च नाही. दुसऱ्या पायाचा सराव रोज दहा मिनिटे पुरतो. पेनल्टीचा सराव दमलेले असतानाच करावा, कारण ती दमल्यावरच घ्यावी लागते.

पालकांना एक विनंती. फोनवर आम्ही "हरलो" म्हणालो की तुम्ही "जाऊ दे, मैदान खराब असेल" असे प्रेमाने म्हणता. त्याऐवजी "मग आता काय बदलणार?" असे विचारा. थोडे जड जाईल, पण आम्हाला त्याचा जास्त उपयोग होईल.

आमच्या हाऊसमध्ये या सत्रापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक सामन्यानंतर तिच्यात तीन ओळी लिहायच्या, जिंकलो तरी. आतापर्यंत जिंकलेल्या सामन्यांनंतरची पाने जरा रिकामीच दिसतात. ती भरायची आहेत.