वेल्लोरला निघालेल्या भाचीस

पुणे, जून १९६०

चि. ताईस,

तुझे पत्र पोचले. परिचर्येच्या शिक्षणासाठी वेल्लोरला जाण्याचा तुझा इरादा, त्यास तुझ्या आईचा, अक्काचा, असलेला विरोध, आणि ती दम्याने हैराण असताना तिला सोडून जाणे हा अधर्म तर होणार नाही ना, ही तुझ्या मनाला लागलेली टोचणी, हे सारे वाचून प्रथम वाटले की वडीलकीच्या नात्याने चार उपदेशाच्या ओळी लिहून मोकळे व्हावे. परंतु ज्या संस्थेत तू जाऊ इच्छितेस तिच्या संस्थापिका डॉक्टर आयडा स्कडर गेल्याच महिन्यात कोडाईकनालला निवर्तल्या, तेव्हा त्यांच्याच चरित्राची उजळणी करून तुझ्या प्रश्नाचा निवाडा लागतो का ते पाहणे मला अधिक प्रशस्त वाटते.

त्या चरित्रातील तिंडिवनमची रात्र प्रसिद्धच आहे. तिथे वडिलांच्या बंगल्यात असताना एकाच रात्री एकामागून एक तीन गृहस्थ, एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक वरिष्ठ जातीचा हिंदू, या तरुण मुलीकडे आले. तिघांच्याही बायका प्रसूतीत अडलेल्या. वडील निष्णात डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा, असे ती विनवीत राहिली, आणि परपुरुषाचा हात आमच्या स्त्रियांना लागणार नाही, असे म्हणून तिघेही माघारी गेले. सकाळ होईपर्यंत त्या तिन्ही स्त्रिया गतप्राण झाल्या होत्या, आणि आपण वैद्यकी शिकून परत यायचे, हे मुलीने ठरविले होते.

ही कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात, आणि ऐकणाराचा असा समज होतो की एका रात्रीत साक्षात्कार झाला व पुढचे सारे आपोआप घडले. मला त्या रात्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचेच अधिक मोलाचे वाटते.

अलीकडचे असे की, १८७० साली राणीपेटला जन्मलेली ही मुलगी मिशनरी वैद्यांच्या घराण्यातली. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. पुढे शिक्षणासाठी तिला अमेरिकेत ठेवून वडील, आणि त्यांच्यापाठोपाठ आईही, आपल्या कामावर हिंदुस्थानात परतली, व मुलगी शिकागोत नातलगांकडे वाढली. ईश्वरी कार्याची किंमत घरातील लेकराला कशी मोजावी लागते, हे तिने तुझ्याहून लहान वयात भोगले होते. म्हणूनच मिशनरी कधी व्हायचे नाही, असा तिचा निश्चय होता. तिंडिवनमला ती आली ती आजारी आईची शुश्रूषा करण्यासाठी, तीही थोड्या मुदतीकरिता. म्हणजे ती हाक तिच्या कानी पडली तीच मुळी आईच्या उशाशी असताना. घर आणि सेवा यांचे वैर आहे असे ज्या अट्टहासाने तू लिहितेस, त्याला या चरित्रात तरी मला आधार सापडत नाही.

पलीकडचे याहून कठोर आहे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यालयातून १८९९ साली पदवी घेऊन ती परतली, ती वडिलांच्या हाताखाली शिकू या भरवशावर. आणि लगेच, १९०० साली, वडील गेले. ज्या रोग्यांचा वडिलांवर विश्वास होता त्यांचा या नवख्या मुलीवर बसेना. वेल्लोरच्या घरातल्या लहानशा खोलीत दवाखाना, मदतीला सलोमी नावाची बाई. प्रारंभ तो एवढाच. न्यूयॉर्कच्या एका धनिकाने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या दहा हजार डॉलरांतून १९०२ साली चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले, आणि आई मुलीजवळच राहिली. डॉक्टरीणबाई बैलगाडीतून व पुढे मोटारीतून गुडियात्तमच्या वाटेने जात, आणि झाडाखाली जमलेल्या रोग्यांची जखम बांधणे, दात काढणे, औषध देणे रस्त्याच्या कडेलाच चाले.

तथापि एकट्या हाताला किती पुरे पडणार, हा हिशेब त्यांनी लवकर मांडला, हे मला त्यांच्या शस्त्रकौशल्याहून मोठे वाटते. १९०९ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेची परवानगी मागितली तेव्हा, सहा मुली तरी मिळतील काय, अशी सरकारी शंका होती. १९१८ साली शाळा उघडली तेव्हा १५१ अर्ज आले. त्यांची भाचीही, तिचेही नाव आयडाच, त्याच संस्थेत क्ष-किरणांचे काम करू लागली. स्वतः त्या अविवाहित राहिल्या, पण तो दंडक तुला कोणी घालून दिलेला नाही.

मिशनच्या धर्मांतराविषयीचे माझे मत तुला ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. परंतु त्या बाईंची श्रद्धा खरी होती, आणि कंटाळवाण्या, किळसवाण्या कामात वर्षानुवर्षे उभे राहण्याचे बळ त्यांना तिच्यातूनच मिळाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तू आपली श्रद्धा आपली ठेव. सकाळचे स्तोत्र सोडू नकोस, आणि तिथल्या प्रार्थनेच्या वेळी शांत उभी राहा.

कुलीन घरच्या मुलीने परक्यांचे बेडपॅन उचलावेत काय, हा अक्काचा मुख्य आक्षेप. तिला एवढेच सांग की रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने याच पुण्यात, पन्नास वर्षे होत आली, ससून रुग्णालयात आपल्याच घरांतल्या स्त्रियांना हे काम शिकावयास धाडले. वेल्लोरचे तिला परदेशासारखे भय वाटते; तर तिथला किल्ला शिवछत्रपतींच्या कर्नाटक स्वारीत मराठ्यांनी वेढला व १६७८ साली घेतला, हे ऐकून ती हसेल आणि निम्मी लढाई तू जिंकशील. उरलेली माझ्यावर सोड. तिच्या औषधपाण्याची तजवीज तुझी मामी व मी पाहू. पावसाळाभर तिला आमच्याकडेच आणण्याचे ठरत आहे. तू मात्र दर आठवड्यास तिला स्वतंत्र पत्र लिही, माझ्या पत्रात दोन ओळी जोडून भागवू नकोस.

गाडी अरकोणमला बदलून काटपाडीस उतरावे लागेल. तमिळ आजपासून शिकावयास लाग, निदान कोठे दुखते, केव्हापासून दुखते, आणि घरी कोण कोण आहे, एवढे तरी विचारता आले पाहिजे.

तुझा,
मामा