उंदराचा विचार करणारा राजा

दौंड

चि. सोनू,

तुझी वही आईने पाठवली. 'वाच, पण हसू नकोस' अशी तुझी अट होती म्हणे. हसले नाही. डावीकडे हिरोंची नावं, मधे त्यांचे गुण आणि उजवीकडे 'माझ्यात काय कमी आहे'. हा उजवा रकानाच सगळ्यात गच्च भरलाय. दहावीतल्या पोराने स्वतःची एवढी उणीदुणी काढावी याचं कौतुक करावं की कान पिळावा, ते कळेना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' करून सटकतोस.

आधी शिवाजी महाराज. त्यांच्यासमोर तू 'शौर्य, धाडस' लिहिलंस. त्याला कोण नाही म्हणेल? पण त्यांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना पाठवलेलं एक पत्र आहे. इतिहासाच्या सरांकडून मिळव आणि सावकाश वाच. पावसाळा तोंडावर आलाय, घोड्यांसाठी दाणावैरण साठवलेली आहे. ती आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील आणि मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरून दाणे-भाजी उचलायला लागतील, असं महाराज बजावतात. रात्री दिवे जळत ठेवू नका, हेही सांगतात. कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. सगळं पत्र हे असं. लढाई कुठेच नाही, आहे ती वैरण आणि उंदीर. प्रतापगडचा प्रसंग तुझ्या आयुष्यात येणार नाही रे. वैरणीचा हिशोब मात्र कुठल्या ना कुठल्या रूपात रोज येईल.

आता तुझ्या वहीतलं ते टाइमटेबल. पहाटे साडेचारला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, ध्यान, शंभर जोर, इंग्रजीचे वीस शब्द. आणि खाली तुझ्याच अक्षरात: 'चार दिवसांत बारगळलं. माझ्यात विलपॉवर नाही.' मला हे पटत नाही. इथे आमच्या रेल्वे कॉलनीत माणसं रात्री दोनला उठून ड्युटीवर जातात. पूर्वी कॉलमन दार वाजवून उठवायचा, आता मोबाइल वाजतो. त्यांच्यापैकी कुणी विलपॉवरवरची पुस्तकं वाचलेली नाहीत. गाडी खोळंबलेली असते, म्हणून उठतात. तुझ्या साडेचारसाठी कुणीच खोळंबलेलं नाही. तू उठलास काय नि झोपलास काय, फरक पडला तर तो फक्त तुझ्या वहीत पडतो. असलं टाइमटेबल मोडणारच.

तुझ्या यादीतली माणसं एकतर टीव्हीवरची, नाहीतर पुतळ्यातली. आपल्या भागातलं एकही नाव नाही, म्हणून दोन सांगते.

आमच्या दौंड तालुक्यातलं केडगाव तुला ठाऊक आहे. न्हावऱ्यावरून चौफुल्याला येताना दरवेळी त्याच्या जवळून जातोस. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. जन्म 1858 चा. सोळा-सतरा वर्षांची पोर असताना दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने नेली. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा याच बाई मध्य प्रांतात हिंडल्या, उपाशी मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी केडगावच्या माळावर आणल्या. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. टाइप जुळवण्यापासून सगळी कामं बायकाच करायच्या. त्या काळात!

मला त्यांच्या आयुष्यातला नंतरचा भाग जास्त भावतो. बायबलचं मराठी त्यांना फार जड वाटायचं, आश्रमातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना ते समजेना. मग पंचेचाळिशी उलटलेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. ऐकू कमी यायला लागलं होतं, आश्रमाचा एवढा पसारा होता, तरी भाषांतर चालूच. पंधरा वर्षांहून जास्त काळ. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, पण काम हातावेगळं करून. तुझ्या वहीच्या पद्धतीने आपण त्यांच्या नावापुढे 'चिकाटी' लिहिलं असतं आणि पान उलटलं असतं. पण 'आज चिकाटी वाढवू या' म्हणून त्या काही हिब्रूला बसल्या नव्हत्या. समोरच्या बायकांना वाचता येईल असं पुस्तक हवं होतं, त्यासाठी जे लागेल ते शिकल्या.

तू म्हणशील, त्या तर ख्रिस्ती झाल्या, शाळेत यावरून वाद होतो. होऊ दे. पुण्यातही 1893 मध्ये झाला होता आणि साधासुधा नव्हता. रमाबाईंच्या शारदासदन या शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय, म्हणून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. पाठीशी उभे राहिलेले रानडे-भांडारकरही बाजूला झाले. मला स्वतःला रमाबाईंचे सगळे निर्णय पटत नाहीत. पण इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे राहून त्यांनी धर्माची दीक्षा घेतली, त्यांच्याशीही त्या पत्रांतून कडकडून भांडल्या, तुम्ही सांगाल ते मुकाट मानणार नाही म्हणाल्या, तिथे मी त्यांना हात जोडते. हिरोचं सगळंच पटायला हवं असं कुणी सांगितलं? ज्याच्याशी वाद घालायची सोय नाही, तो देव्हाऱ्यात ठेवावा, वहीत नको.

दुसरं नाव थेट तुझ्या शिरूर तालुक्यातलं, पाबळचे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेला माणूस, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. ते सोडून पन्नाशी उलटल्यावर 1983 मध्ये पाबळसारख्या कोरडवाहू गावात बिऱ्हाड हलवलं आणि विज्ञान आश्रम काढला. 2003 मध्ये गेले, तोवर मुक्काम तिथेच. शाळा सुटलेली, नापास झालेली पोरं त्यांनी घेतली. पोरांचं डोकं मंद नाही, हाताला काम न देता शिकवायची आपली रीत चुकते, असं त्यांचं म्हणणं. वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, सगळं करता करता शिकायचं, आणि गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करून द्यायची. हे पैसे घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्गात गणित चुकलं तर दोन मार्क जातात. दुसऱ्याच्या घराचं फाटक दोन इंच आखूड झालं तर ते लागतच नाही, आणि मालक दारात उभा असतो.

तिथे पोरं जमिनीतलं पाणी शोधायलाही शिकायची. आपल्याकडे बोअर घ्यायची तर आधी पाणाड्या येतो आणि तळहातावर नारळ धरून शेतभर फिरतो. ही पोरं चार सळ्या एका रेषेत जमिनीत ठोकायची. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायचं, मग सळ्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. अंतर वाढलं की वीज जास्त खोलवरून जाते. ओल्या थरातून ती सहज जाते, कोरडा खडक अडवतो. त्या आकड्यांवरून खाली काय असेल त्याचा अंदाज. यात विद्या कुठली, तर ओहमचा नियम. तोच, जो तुझ्या 'काय कमी आहे' मध्ये 'फिजिक्स डोक्यात शिरत नाही' म्हणून नोंदवलाय!

म्हणून माझं ऐक. उजवा रकाना महिनाभर लिहू नकोस आणि साडेचारचा गजर बंद कर. आबांची न्हावऱ्याची बोअर आहे ना, तिच्यामागे लाग. रविवारी शेतावर जातोच आहेस. मोटर चालू केल्यापासून किती मिनिटं सलग पाणी येतं, कधी गुळण्या टाकायला लागते आणि पुन्हा भरायला किती वेळ घेते, ते तारीख घालून लिही. शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे तेही बघ, मात्र एकट्याने कठड्याशी जायचं नाही, आबांना बरोबर घ्यायचं. पहिले काही रविवार ते तुझी चेष्टा करतील. पण उन्हाळी कांदा किती लावायचा, हा घोळ त्यांच्या मनात दरवर्षी असतो. तेव्हा ते आपणहून तुझे आकडे मागतील, आणि एखाद्या रविवारची नोंद राहिली असेल तर अशी चंपी करतील की विलपॉवर बिलपॉवर सगळं आठवेल.

दिवाळीनंतर मला आकडे पाठव. सुट्टीत मी शिरूरला येते, मग शिक्रापूरवरून आपण पाबळला जाऊ. आधी फोन करून विचारायला हवं, ते मी बघते. आईला सांग, चिंचेची बरणी मिळाली, पण झाकण सैल होतं आणि अर्धी पिशवी माखली.

तुझी,
मावशी