पिकांची फेरपालट आणि खताचा खरा हिशेब

शास्त्रवाचन: लेवीय 25:1-7, यहेज्केल 34:17-19, लूक 14:28-30

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतील आमच्या मंडळ्यांचे बहुतेक लोक शेतीवर पोट भरणारे आहेत. कोणी स्वतःची जमीन कसतो, कोणी वाट्याने करतो, कोणी उसाच्या वा कांद्याच्या रानात रोजाने जातो. म्हणून शेतात घातलेल्या खताचे पुढे काय होते, हा विचार आपणांस परका नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने शिकविले. शेतकऱ्यानेही तसेच करावे. मात्र हिशेब पुरा असावा.

1. एका पिकाचा हिशेब अपुरा का?

आपण सामान्यतः असे म्हणतो की, उसाला इतकी पोती लागली, कांद्याला इतकी, हरभऱ्याला जवळजवळ काहीच नाही. परंतु जमीन पीक संपताच आपली वही मिटत नाही. कांद्यास घातलेल्या स्फुरदाचा पुष्कळ भाग आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत अडकून राहतो व मागून येणाऱ्या पिकास थोडाथोडा मिळतो. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात. आपले वाडवडील ह्यासच बेवड म्हणत, आणि कोणत्या पिकाचा बेवड कोणत्या पिकास मानवतो हे ते अक्षरओळख नसताही जाणत होते.

तेव्हा कांद्याच्या खताचा सारा दोष कांद्यावर घालणे, अथवा हरभऱ्याच्या बेवडावर आलेल्या गव्हाचे सारे श्रेय गव्हास देणे न्यायाचे नाही. खताचा बरावाईट परिणाम ठरवावयाचा असेल तर फेरपालटीचे पूर्ण चक्र, मग ते दोन वर्षांचे असो की तीन, एकच घटक धरून तोलले पाहिजे.

2. घातलेले खत जाते कोठे?

युरियाच्या शंभर किलोंत 46 किलो नत्र असते. त्यातला काही भाग पीक घेते. उरलेल्याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट हवेची. युरिया ओल्या जमिनीवर नुसता फेकून दिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो; आपल्या विम्लधर्मी मातीत तर अधिकच. शिवाय नत्राचा लहानसा अंश नायट्रस ऑक्साइड नावाच्या वायूच्या रूपाने निघतो. शास्त्रज्ञ ढोबळ मानाने तो घातलेल्या नत्राच्या शंभरातला एक भाग धरतात. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कर्बवायूच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो. म्हणजे 100 किलो नत्रामागे दीड किलोहून थोडा अधिक हा वायू, व त्याचा भार सव्वाचारशे किलो कर्बवायूइतका. युरिया कारखान्यात तयार करताना जो नैसर्गिक वायू खर्च होतो त्याचा भार निराळाच.

दुसरी वाट पाण्याची. नत्राचे नायट्रेट होते, ते पाण्यात विरघळते, आणि पाटाचे पाणी जास्त सोडले की खाली झिरपून विहिरीस मिळते.

तिसरी वाट मातीची. स्फुरद मातीस धरून राहतो; पण वळवाच्या पावसात बांध फुटून माती वाहिली की तोही तिच्याबरोबर ओढ्यास जातो.

3. पाटीवर मांडून पाहा

एका एकराचे दोन हिशेब मांडू. सुरू उसास हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 100 किलो; खोडव्यासही तितकेच धरू. एका शेतकऱ्याने तीन वर्षांत ऊस, खोडवा व पुन्हा खोडवा घेतला, तर 300 किलो नत्र झाले. दुसऱ्याने ऊस व खोडवा घेऊन तिसऱ्या वर्षी खरिपात बाजरी व रब्बीत हरभरा घेतला. समजा बाजरीस एकरी 20 किलो व हरभऱ्यास 10 किलो दिले, तर एकंदर 230 किलो झाले. सत्तर किलो नत्र, म्हणजे युरियाची 45 किलोंची तीन पोती व वर थोडा, वाचला. शिवाय घरात भाकरी व डाळ आली.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली ही की, मोजण्याचे माप एकच नसावे. विहिरीच्या पाण्याचा विचार असेल तर एकरामागे किती नत्र सुटले हे पाहावे. लोकांच्या अन्नाचा विचार असेल तर क्विंटलामागे किती लागले हे पाहावे. खत अगदीच तोडून पीक निम्म्यावर आणणारा मनुष्य एकराच्या मापाने निर्दोष दिसेल, पण क्विंटलाच्या मापाने तसा दिसेलच असे नाही. दुसरी ही की, बेवडाचे नत्र पुढच्या पिकाच्या मात्रेतून वजा केले पाहिजे. ताग वा धैंचा गाडला आणि वर युरियाही पूर्वीइतकाच ओतला, तर फेरपालटीचा लाभ पिकास न होता विहिरीस विष होऊन मिळतो.

4. शेजाऱ्याचे पाणी

यहेज्केल संदेष्ट्याच्या द्वारे परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांस जाब विचारतो. ती स्वतः निर्मळ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात. मग दुबळ्या मेंढरांस तेच प्यावे लागते. हा दृष्टांत आपल्या गावास किती लागू पडतो! वरच्या अंगास ऊस उभा असतो, आणि खालच्या अंगास, पुष्कळदा गरिबांच्या वस्तीजवळ, पिण्याची विहीर असते.

पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून फार अधिक असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळास वरच्या दुधात मिसळून पाजले, तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही व ओठ, नखे निळसर पडतात. असे दिसताच बाळास तत्काळ दवाखान्यात न्यावे. मातांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते व ते अधिक दाट होते. विहिरीचा संशय असेल तर पाणी तपासून घ्यावे आणि तान्ह्या बाळास आईचेच दूध द्यावे.

रांजणगाव सांडस येथे मुळामुठा भीमेस मिळते. घोड नदीही पुढे तिलाच मिळते. आणि हे सारे पाणी 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात साचते. तेथील हिरवे शेवाळ व जलपर्णी ह्यांचा दोष एकट्या शेतकऱ्यावर घालणे खोटे होईल, कारण पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी ह्याच वाटेने येते. पण दुसऱ्याचे पाप मोठे म्हणून आपले लहान पाप पुण्य होत नाही.

पाण्याची किंमत ह्या भागास नवी नाही. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांस आसरा दिला, तेव्हा केडगावच्या माळावर विहिरी खणाव्या लागल्या व शेकडो जीव त्यांवर जगले. तसेच शेजारच्या नीरा खोऱ्यात 1885 साली कालवा सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांच्या आत जमिनी इतक्या खारावल्या की, पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरल्ड मॅन व तम्हाणे ह्यांनी 1910 साली त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तेथे मुख्य दोष अतिपाण्याचा व निचऱ्याच्या अभावाचा होता. तेच अतिपाणी आज आपले खतही खाली वाहून नेते. म्हणून खताचा हिशेब पाण्याच्या हिशेबावाचून पुरा होत नाही.

5. मग करावे काय?

खत मुळीच घालू नये असे आम्ही म्हणत नाही. निष्फळ अंजिराच्या झाडाभोवती खणून खत घालू द्या, अशी विनंती दृष्टांतातील माळ्याने केलीच होती. परंतु 2010 सालापासून स्फुरद व पालाश ह्यांची खते महागत गेली आणि युरिया सरकारी सवलतीने स्वस्त राहिला. त्यामुळे हात युरियाकडेच जातो. ह्यास आवर असा घालावा:

माती तपासून मात्रा ठरवावी. 2015 सालापासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका ह्यासाठीच आहे. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा व मातीआड करावा. उसाचे पाचट पेटवू नये, सरीत कुजवावे. तीन वर्षांतून एकदा तरी कडधान्य घ्यावे. आणि प्रत्येक शेताची एक वही ठेवावी: पीक, खत, पाण्याच्या पाळ्या, उत्पन्न.

वाट्याने करणाऱ्या बांधवांची अडचण आम्ही जाणतो. पीक कोणते घ्यावे हे मालक ठरवतो, आणि कर्जाचा हप्ता हरभऱ्याची वाट पाहत नाही. अशा वेळी मालकापुढे वही ठेवावी. वाचलेली तीन पोती त्यासही समजतील.

इस्राएलास सातव्या वर्षी जमिनीस विसावा देण्याची आज्ञा होती. जमीन आपली नव्हे, आपण तिचे कारभारी आहोत, हे त्या आज्ञेचे मर्म आहे. कारभाऱ्याकडून हिशेब मागितला जाईल, आणि त्यात खालच्या अंगाच्या विहिरीचे पानही असेल.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. खताचा परिणाम एका पिकावरून न ठरवता पूर्ण फेरपालटीवरून का ठरवावा?
2. एकराचे माप व क्विंटलाचे माप ह्यांत भेद कोणता?
3. नायट्रेट असलेले पाणी उकळून का चालत नाही?
4. आपल्या गावच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगास कोणती पिके आहेत? तिचे पाणी शेवटचे केव्हा तपासले?