धुतलेले हात कशाने पुसावेत?

जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, हे तुम्हांला पहिलीपासून सांगितले जाते. हात कसे चोळावेत याची चित्रेही बऱ्याच शाळांच्या भिंतींवर असतात. पण धुतलेले ओले हात कशाने पुसावेत, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. मधल्या सुट्टीत नळापाशी उभे राहून पाहा. कोणी सदऱ्याला हात पुसतो, कोणी नुसते झटकतो, कोणी खिशातून चुरगळलेला रुमाल काढतो आणि बाकीचे खिळ्याला अडकवलेल्या एकाच टॉवेलाकडे धावतात. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत तो टॉवेल पिळण्याइतका ओला झालेला असतो.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा (बोरघाटातले नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे) पुणे-सातारा महामार्गावर आहे. अशा महामार्गावरील हॉटेलांत हात कोरडे करण्याचे निरनिराळे प्रकार दिसतात. एके ठिकाणी भिंतीवर गरम हवेचे यंत्र, दुसरीकडे कागदी रुमालांची पेटी, तर तिसरीकडे बेसिनशेजारी टांगलेला टॉवेल. यांपैकी कोणता चांगला?

आधी ओलेपणाने काय बिघडते ते पाहू. एक कोरडी पाटी घ्या. तिच्यावर कोरडा तळवा टेकवा आणि उचला. जवळजवळ काहीच उमटत नाही. आता ओला तळवा टेकवा. पाण्याचा स्पष्ट ठसा राहतो. हातावर जंतू असतील तर पाण्याच्या या पातळ थरातून ते पाटीवर उतरतात. तसेच पाटीवरचे जंतू हातावर चढतात. धुण्याने सगळेच जंतू जात नाहीत, थोडे उरतातच. कोरड्या हातावर ते बहुतांशी जागच्या जागी बसून राहतात, ओल्या हाताला मात्र पाण्याची वाट मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवले. हात धुऊन दहा सेकंद कापडाने पुसले व मग वीस सेकंद हवेच्या यंत्राखाली धरले, तर ओल्या हातांच्या मानाने अन्नावर जाणारे जिवाणू ९९.८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याच्या त्वचेवर जाणारे ९४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पुसणे हा धुण्याचाच उत्तरार्ध आहे.

आता पाणी जाते कसे? कापड किंवा टीपकागद पाणी शोषतो तो केशाकर्षणाने. धाग्यांमधील बारीक फटींत पाणी आपोआप चढते. (नव्या, खळ असलेल्या टॉवेलाने हात नीट का पुसले जात नाहीत, हे यावरून ओळखा.) शिवाय पुसताना घर्षण होते आणि त्याने काही जंतू त्वचेवरून निघून कापडावर जातात. हा फायदा हवेच्या यंत्राला नाही. ते बाष्पीभवनावर चालते आणि बाष्पीभवन हा महागडा व्यवहार आहे. समजा, झटकल्यानंतर दोन्ही हातांवर मिळून २ ग्रॅम पाणी राहिले. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास त्वचेच्या तापमानाला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण ४८०० ज्यूल. भिंतीवरचे २००० वॅटचे यंत्र ४५ सेकंदांत ९०,००० ज्यूल खर्च करते. कामी येते ती वीस भागांतील एक भाग, बाकीची खोली तापवण्यात जाते. ४५ सेकंद हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. कापडाने दहा-पंधरा सेकंदांत जितके पाणी निघते तितके घालवण्यास गरम हवेला साधारण तेवढा वेळ लागतो. इतका वेळ कोण थांबते? बहुतेक लोक दहा-पंधरा सेकंदांत कंटाळतात आणि उरलेले हात विजारीला पुसून निघतात!

अलीकडे जोराच्या झोताची यंत्रेही आली आहेत. त्यांतील काहींच्या झोताचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या पुढे असतो. ती पाण्याची वाफ करीत नाहीत, पाणी हातावरून अक्षरशः खरवडून उडवतात. त्यामुळे हात लवकर कोरडे होतात. पण उडालेले थेंब जातात कोठे? इंग्लंडमधील लीड्स येथे २०१४ साली हाच प्रश्न विचारला गेला. दह्यात असतात त्या जातीचे निरुपद्रवी जिवाणू हातांना लावून ते तीन प्रकारे कोरडे केले आणि आसपासच्या हवेतील जिवाणू मोजले. झोताच्या यंत्राजवळ ते गरम हवेच्या यंत्रापेक्षा साडेचारपट आणि कागदी रुमालापेक्षा सत्तावीसपट आढळले. अमेरिकेतील कनेक्टिकट येथे २०१८ साली अगर भरलेल्या बश्या स्वच्छतागृहातील यंत्राच्या हवेत तीस सेकंद धरल्या. दर बशीत जिवाणूंच्या सरासरी १८ ते ६० वसाहती वाढल्या. यंत्र बंद असताना स्वच्छतागृहात दोन मिनिटे उघड्या ठेवलेल्या बशीत सरासरी फार तर एक! यंत्र खोलीतलीच हवा ओढून हातांवर फेकते, हे त्याचे कारण. यंत्राला अतिसूक्ष्म गाळणी बसवली तेव्हा हे प्रमाण सुमारे चौपटीने घटले.

पण घाईने निकाल देऊ नका. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २००० साली शंभर जणांवर प्रयोग झाला. कापड, कागद, गरम हवा आणि आपोआप वाळू देणे या चारही रीतींनंतर हातांवर उरलेल्या जिवाणूंत सांख्यिकीदृष्ट्या फरक दिसला नाही. हा विरोध वरवरचा आहे. मेयोच्या प्रयोगात हातांवर काय उरले ते मोजले, लीड्समध्ये हवेत काय उडाले ते. शिवाय लीड्सच्या प्रयोगात हातांवर मुद्दाम भरपूर जिवाणू लावले होते आणि त्याला कागदी रुमाल बनविणाऱ्या उद्योगाच्या संघटनेचे साहाय्य होते. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण प्रयोग वाचताना काय मोजले आणि पैसा कोणाचा, हे दोन्ही विचारण्याची सवय असावी.

हा सगळा वाद रुग्णालयांना आणि विमानतळांना महत्त्वाचा आहे. आपल्या शाळेचा हिशेब मात्र अगदी सोपा आहे. पोषण आहाराला बसणारी ३०० मुले धरा. एका यंत्रावर प्रत्येकाला ४५ सेकंद म्हणजे १३,५०० सेकंद, पावणेचार तास! वीज साडेसात युनिट, तीही त्या वेळी असेल तर. कागदी रुमाल प्रत्येकी दोन धरले तर रोज ६०० रुमालांचा कचरा आणि त्यांचा खर्च. दोन्ही गोष्टी बाद. उरते कापड, आणि खरा धोकाही कापडातच आहे. तो कापडाच्या जातीत नसून ते किती जण वापरतात आणि ते किती वेळ ओले राहते यात आहे.

अमेरिका व कॅनडातील घरांच्या स्वयंपाकघरांतून गोळा केलेले ८२ हातपुसणी टॉवेल तपासले गेले. सुमारे ८९ टक्के टॉवेलांत कोलिफॉर्म गटाचे जिवाणू सापडले. २०१४ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. तीस-चाळीस मुले ज्या एका टॉवेलाला हात पुसतात, त्याची स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास कारण नाही. त्यात त्याच टॉवेलाने तोंडही पुसतात, डोळेही. खुपऱ्यांचा रोग, ज्याने पूर्वी आपल्या देशात असंख्य लोकांची दृष्टी गेली, तो हात, माश्या आणि सामाईक कपडे यांतूनच पसरत असे. ही सार्वजनिक आरोग्याची समस्या भारतात संपली असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. पण डोळे येणे संपलेले नाही. २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता राज्यभर गेली. अशा साथीत एकाचा टॉवेल किंवा रुमाल दुसऱ्याने वापरू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. शाळेत खिळ्यावर सामाईक टॉवेल लटकत असेल तर तो काढून टाकलेलाच बरा. त्यापेक्षा हात झटकून वाऱ्यावर वाळवणे पत्करले.

म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा रुमाल, आणि तोही कोरडा. येथे पदार्थविज्ञान पुन्हा मदतीला येते. कापड किती लवकर वाळेल, हे हवेत बाष्पाला किती जागा शिल्लक आहे यावर अवलंबून असते. खंडाळ्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के आहे असे समजू. ३७ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४४ ग्रॅम बाष्प मावते. त्यातील ११ ग्रॅम आधीच आहे, ३३ ग्रॅमची जागा मोकळी. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला जुलैत १९ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धरा. तेथे हवेत १६ ग्रॅम मावते आणि जागा उरते जेमतेम ०.८ ग्रॅमची. सुमारे चाळीसपट फरक! वाळताना कापड स्वतः थंड होत असल्याने प्रत्यक्षातला फरक याहून कमी असतो, तरीही खंडाळ्यात तासाभरात वाळणारा रुमाल महाबळेश्वरला दिवसभर दमट राहतो. दमट कापडात जिवाणू तग धरतात, वाढतातही. घडी घालून खिशात कोंबलेल्या ओल्या रुमालाला अंगाची ऊबही मिळते, म्हणजे सोयच झाली.

माझ्या मते जाड, लोकरीसारख्या मऊ टॉवेलापेक्षा आपला पातळ सुती पंचा या कामाला सरस आहे. त्याचे चार लहान तुकडे करून कडा शिवून घ्या. दोन दप्तरात, दोन धुण्यात. पावसाळ्यात इस्त्रीचा हात फिरवला तर कापड वाळते आणि तापतेही.

शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहा. हातांवर किती पाणी उरले ते थेट तोलता येत नाही, म्हणून दोन कोरडे रुमाल आधी तोलून ठेवा. हात धुवा, झटकू नका, पहिल्या रुमालाला दहा सेकंद पुसा, मग लगेच दुसऱ्याला. दोन्ही पुन्हा तोला. पहिल्याच्या वजनातील वाढ म्हणजे निघालेले पाणी आणि दुसऱ्याच्या वजनातील वाढ म्हणजे मागे राहिलेले. हाच प्रयोग दहा वेळा जोराने हात झटकून पुन्हा करा. नंतर पहिला रुमाल मुद्दाम थोडा ओला घ्या, किंवा त्याऐवजी सदऱ्याच्या कापडाचा तुकडा घ्या. प्रत्येक प्रयोग निदान पाच वेळा करून सरासरी काढा आणि त्या दिवशीची आर्द्रता व तापमान बाजूला लिहून ठेवा, म्हणजे चैत्रातील आकडे श्रावणातील आकड्यांशी ताडून पाहता येतील.